आक्षेपाची खुर्ची

१ जून, सोमवार

खुर्ची शेवटी माझ्याच गळ्यात पडली!

लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटायचं नाही. गेल्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी हॉस्पिटलातल्या सगळ्या अधिकाऱ्यांना दोन दिवस कार्यशाळेला बसवलं. विषय काय, तर सुशिक्षितांसाठी चिकित्सक विचार. पुरावा कशाला म्हणायचं, आपल्याला हवं तेवढंच आपल्याला कसं दिसतं, दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही — असं बरंच काही. जेवण छान होतं. त्यातली एकच गोष्ट मोठ्या डॉक्टरांच्या डोक्यात घट्ट बसली. सगळ्यांचं एकमत व्हायला लागलं, की एकाने मुद्दाम विरोध करायचा! झालं. सभेच्या खोलीत दाराजवळ बिनहातांची एक कडक खुर्ची आली. तिच्यात बसेल त्याने विरोध करायचा, मनात काहीही असो. "आक्षेप माणसाचा नाही, खुर्चीचा!" — हे त्यांचं वाक्य. ते म्हणतात आणि स्वतःच मान डोलावतात.

आज चौकशी समितीची पहिली बैठक. आम्ही पाच जण — मोठे डॉक्टर, व्यवस्थापक, वकीलबाई, मेट्रन आणि मी. सकाळचे नमुने मशीनला लावून, हात धुऊन लॅबमधून धावत पोहोचले, तर चार गादीच्या खुर्च्या भरलेल्या. पाचवी माझी वाट बघत होती. सगळ्यांनी हसून टाळ्या वाजवल्या.

प्रकरण साधं आहे. नव्या इमारतीतल्या एका आजोबांचा रक्ताचा रिपोर्ट चुकीचा गेला. पोटॅशियम नव्हतंच वाढलेलं, रिपोर्टात मात्र भरमसाट. ते उतरवायची औषधं दिली, ते जरुरीपेक्षा खाली गेलं आणि हृदयाचे ठोके बिघडले. आजोबा अजून अतिदक्षता विभागात. मागचं काढून पाहिलं तर असे आणखी चुकीचे रिपोर्ट निघाले, आणि सगळेच्या सगळे धाकटीच्या ड्युटीत! धाकटी म्हणजे आमच्या लॅबमधली सगळ्यात लहान. तिला घरी बसवलंय. आता समितीने ठरवायचं, कायमचं काढायचं की नाही. हलगर्जीपणाचा शिक्का बसून बाहेर पडली तर दुसरी कुठलीही लॅब तिला दारात उभं करणार नाही.

मी विरोध केला. खुर्चीतून. "अजून पुरावा पुरेसा नाही" वगैरे. खरं सांगू? मला तीच दोषी वाटते. ड्युटीवर जांभया देते, कानात गाणी घालून बसते. दहादा सांगितलंय.

२ जून, मंगळवार

लेकीला म्हटलं, आधी अभ्यास, मग फोन. तर म्हणते — "आई, हे तू खुर्चीतून बोलतेयस की खरं?" सासूबाई इतक्या हसल्या की ठसका लागला.

४ जून, गुरुवार

पुढच्या बैठकीत काय बोलायचं? विरोध करायचा तर निदान धड करावा, म्हणून धाकटीच्या घरी गेले. तिला अजून कोणी काही विचारलेलंच नाही! पत्र पाठवलं, घरी बसवलं, बस.

एका खोलीत ती आणि तिचे वडील. वडिलांचं एक अंग गेलंय. भरवून झालं, तोंड पुसलं, मग माझ्यासमोर येऊन बसली. ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. तसं काही नाही.

"मॅडम, मशीनने दाखवलं तेच मी लिहिलं. दोनदा लावले होते नमुने."

मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाली — "नव्या इमारतीतून यायच्या ना नळ्या, कधीकधी हाताला गार लागायच्या. मला वाटलं, रात्रीची हवा."

मी चहा अर्धाच टाकून उठले. गार! रक्त तसंच्या तसं फ्रिजमध्ये राहिलं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. माणसाचं असतं बरोबर, नळीतलं दिसतं वाढलेलं. हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. म्हणून तर प्रत्येक वॉर्डात पाटी आहे — रक्ताचे नमुने फ्रिजमध्ये ठेवू नयेत. पाटी आहे म्हणजे कोणी ठेवत नसणार, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं. मीसुद्धा.

५ जून, शुक्रवार

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. सगळ्या चुका धाकटीच्या ड्युटीत — बरोबर. पण रात्रपाळ्याच सगळ्या तिच्या आहेत! वडिलांना दिवसा बघायला कोणी नाही म्हणून तिने मागून घेतल्या. आणि आम्ही बाकीच्यांनी आनंदाने दिल्या. सुटलो म्हटलं! आता रात्री जे काही बिघडेल ते तिच्याच नावावर जाणार. दुसऱ्या कोणाच्या नावावर जाईल कसं? रात्री दुसरं कोणी असतंच कुठे! आणि हे कळायला मला, लॅबची प्रमुख असलेल्या बाईला, कडक खुर्चीत बसावं लागलं. लाज वाटली.

संध्याकाळी नव्या इमारतीत गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात औषधांचा फ्रिज आहे. उघडला. दारातल्या कप्प्यात, इंजेक्शनांच्या शेजारी, रबराने बांधलेल्या रक्ताच्या नळ्या उभ्या. पाटी फ्रिजच्याच दारावर!

तिथली नर्स घाबरली. "मॅडम, संध्याकाळनंतर नमुने न्यायला माणूस एकच. दोन इमारती. कधी येईल सांगता येत नाही. खराब होऊ नयेत म्हणून ठेवतो." चांगल्या हेतूने! काय बोलणार तिला?

घरी येताना हलकं वाटत होतं. सोमवारी सगळं संपणार.

८ जून, सोमवार

काही संपलं नाही.

मी सगळं सांगितलं. रात्रपाळ्या, गार नळ्या, फ्रिज. गप्प झाले तर मोठे डॉक्टर म्हणाले — "वा! याला म्हणतात आक्षेप! बघा, खुर्चीने विचार कसा खोल जातो!" व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही वकील व्हायला हव्या होत्या." वकीलबाईंनी लिहून घेतलं — आक्षेप नोंदवला.

"अहो, हे खरं आहे," मी म्हटलं. "मी पाहिलंय."

"अगदी असंच बोलायचं असतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "मनापासून वाटतंय असं."

मला हसावं की रडावं कळेना. मेट्रनकडे वळले. त्यांचा वॉर्ड, त्यांच्या नर्सेस. त्यांनी एकदा व्यवस्थापकांकडे बघितलं, मग टेबलाकडे. "आमच्या वॉर्डात असं होत नाही. पाटी आहे." एवढंच.

शेवटी ठरलं, व्यवस्थापक उद्या संध्याकाळी स्वतः फ्रिज बघतील. निदान तेवढं तरी.

९ जून, मंगळवार

फ्रिजमध्ये इंजेक्शनं आणि बर्फाचा ट्रे. चकचकीत. व्यवस्थापकांनी फोन करून सांगितलं — आवाजात दया! "पाहण्यात चूक होते मॅडम, माणूस आहे. कार्यशाळेत नव्हतं का सांगितलं, आपल्याला हवं तेच दिसतं म्हणून?"

पुरती तोंडावर पडले.

१० जून, बुधवार

झोप नाही. मी पाहिलं ते पाहिलंच ना? रबर पिवळं होतं. नळ्यांची टोपणं जांभळी होती की लाल? आठवत नाही! लाल असणार, पोटॅशियमची नळी लालच असते. आणि 'असणार' म्हणजे काय? आठवत नाही ते मी भरून काढतेय.

सकाळी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं त्यांनी. मी त्यांच्यासमोर सगळं ओकले. सोलणं न थांबवता म्हणाल्या, "तुझं म्हणणं चुकीचं असेल, तर तुला ते कशावरून कळेल?"

"म्हणजे तुमचाही माझ्यावर विश्वास नाही?"

"अगं वेडे, विश्वासाचं नाही विचारत. उत्तर विचारतेय."

नाकाला मिरच्या झोंबल्या. उठून कामावर गेले. पण दिवसभर तोच प्रश्न मागे लागला. आणि मग वाटलं, हा प्रश्न त्या चौघांपैकी एकाने तरी स्वतःला विचारलाय का? धाकटी निर्दोष असेल तर ते तुम्हाला कशावरून कळेल? कशावरूनच नाही! तिने दोनदा तपासलं — म्हणजे घाबरली होती. एकदा तपासलं असतं — म्हणजे निष्काळजी. ओरडली तर उद्धट, गप्प बसली तर मनात पाप. तिच्या बाजूला एकही दार नाही. आणि माझ्याही. शांतपणे बोलले तर भूमिका. तळमळून बोलले तर उत्तम भूमिका!

१२ जून, शुक्रवार

सासूबाईंना उत्तर दिलं. शब्दांनी नाही.

सकाळी स्वतःचं रक्त काढवलं, तीन नळ्या. एक लगेच मशीनला. एक टेबलावर. एक आमच्याच लॅबच्या फ्रिजमध्ये. म्हटलं, तिन्ही सारख्या आल्या तर आपण हरलो. सोमवारी जाऊन सांगायचं, माझं चुकलं. खरोखर सांगणार होते.

संध्याकाळी उरलेल्या दोन्ही लावल्या. टेबलावरची जवळपास सकाळसारखीच. फ्रिजमधली — त्या रिपोर्टाप्रमाणे मला आत्ता अतिदक्षतेत न्यायला हवं! आणि मी उभी होते, ठणठणीत, हातात सँडविच.

एकटीच हसले. मग एकदम रडू आलं. आजोबा आठवले.

१५ जून, सोमवार

तिन्ही आकडे समोर ठेवले. सगळे कागदावर वाकले. मला वाटलं, पोहोचलं.

"अफाट!" मोठे डॉक्टर म्हणाले. "स्वतःचं रक्त! पुढच्या कार्यशाळेत हे उदाहरण म्हणून सांगायला हवं."

वकीलबाई म्हणाल्या, "पण एका माणसाच्या रक्तावरून निष्कर्ष? हा तर घाईचा निष्कर्ष झाला." कार्यशाळेत शिकलेली सगळी नावं त्यांना पाठ आहेत. समोरच्याच्या चुकांची नावं. स्वतःकडे रोखलेलं एकही नाही.

"बरोबर," मी म्हटलं. "एकाचं पुरत नाही. मग बाह्या वर करा. सुई आणि नळ्या आणल्यात. पाच जणांचं बघू."

व्यवस्थापकांना एकदम फोन आला. वकीलबाईंनी बाही खाली ओढली. मोठे डॉक्टर म्हणाले, "नाट्य पुरे."

मग मी ते मागितलं, जे आठवडाभर घोकत होते. "मला या खुर्चीतून मोकळं करा. मला साधी सभासद म्हणून बोलायचंय. मी हे मानते — मी! खुर्ची नाही."

ते प्रेमाने हसले. खरंच प्रेमाने, म्हणून जास्त भीती वाटली. "मॅडम, तुम्ही गुंतत चालला आहात. गुंतलेल्या माणसाचं ऐकायचं नाही, म्हणून तर ही पद्धत. खुर्चीत आहात तोवर तुमचं म्हणणं नोंदवलं तरी जातं."

म्हणजे खुर्चीत बसले तर खोटी, उठले तर वेडी.

आणि मग सहज बोलल्यासारखं — आजोबांच्या मुलांना त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलंय, चूक करणारी व्यक्ती सापडली! आता कुठल्या तोंडाने मागे जाणार? सगळी चौकशी त्या एका वाक्याला खरं ठरवायला चाललीय. गुरुवारी मतदान. मसुदा तयार आहे. 'सर्व आक्षेपांचा साधकबाधक विचार करून' — पहिलीच ओळ! माझ्या आक्षेपांनी तिच्या गळ्यातलं दावं आणखी आवळलं. मी नसते तर निदान घाईत घेतलेला निर्णय तरी दिसला असता. आता तो विचारपूर्वक घेतलेला दिसेल. माझ्यामुळे!

सुई आणि नळ्या तशाच परत आणल्या.

१६ जून, मंगळवार

जिन्यात मेट्रन भेटल्या. टाळता येईना, दोघींनाही. तोंड उतरलंय बाईचं. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "वर्षभर माणूस मागतेय मी नमुने न्यायला. व्यवस्थापक म्हणतात, बघू." मग दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "तुम्हाला बरं आहे बाई. तुम्हाला बोलायला खुर्ची तरी दिलीय."

डोकंच फिरलं माझं. बरं आहे? बरं! तिथे बसून दाखवा म्हणावं एक दिवस! लॅबमध्ये येऊन कपाटाचं दार आपटलं. मशीन लावणाऱ्या मुली दचकल्या.

१७ जून, बुधवार

धाकटीचा फोन. "मॅडम, उद्या काय होईल?" मी म्हटलं, प्रयत्न करतेय. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या बाजूने बोलता असं कळलं. तुमचं ते कामच आहे ना?" वाईट हेतूने नाही म्हणाली. तिलाही तसंच सांगितलंय कोणीतरी. ती माझ्यावर विश्वास ठेवणारी शेवटची होती.

सासूबाई म्हणाल्या, राजीनामा दे. नवरा म्हणतो, अजिबात देऊ नको, उद्या तुझ्या जागी आणखी वाईट कोणी येईल. लेक म्हणाली, दोघंही खुर्चीतून बोलतायत. हसले.

मेट्रनचं वाक्य मनातून जात नाही. कालपासून चीड येतेय, आणि आज भांडी आवरता आवरता ती चीड एकदम थांबली. बोलायला खुर्ची तरी दिलीय. बाई चिडून नव्हत्या बोलत. मला टोमणा नव्हता तो. हेवा होता! खरं बोलल्या तर त्यांच्या नर्सेस जातील, व्यवस्थापक त्यांच्यावर उलटतील, आठ तारखेला 'होत नाही' म्हणाल्या ते खोटं ठरेल. त्या गादीच्या खुर्चीत बसून त्या हे बोलूच शकत नाहीत. मला वाटत होतं, या हॉस्पिटलात अडकलेली मी एकटीच.

एक गोष्ट करून बघते. चुकली तर चुकली.

१८ जून, गुरुवार

लॅब मुलींवर सोपवली आणि बरीच आधी जाऊन खिडकीजवळ मेट्रनच्या जागी बसले. व्यवस्थापक आले, वकीलबाई आल्या, मोठे डॉक्टर आले. नेहमीच्या जागा. मेट्रन राउंड संपवून आल्या तेव्हा एकच खुर्ची उरली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले नाही.

मोठे डॉक्टर खुशीत — "बसा, बसा! आक्षेप माणसाचा नाही, खुर्चीचा! आज तुम्ही. मनात काहीही असो!"

बसल्या. हात मांडीवर. वकीलबाईंनी पेनचं टोपण काढलं.

"खुर्चीत आहे म्हणून सांगते," मेट्रन म्हणाल्या. "नमुने फ्रिजमध्येच असतात, वर्षभर. त्या मंगळवारी मीच तो रिकामा करून घेतला."

या वेळी 'वा' कोणी म्हणालं नाही.